देणं कोणतं, धाक कोणता?



आपल्या वस्तीतल्या प्रत्येक पोरापोरीला एक प्रश्न रोज विचारला जातो. आई विचारते. बायको विचारते. चळवळीतला थोरला कार्यकर्ता विचारतो. आणि रात्री झोप लागत नाही तेव्हा आपण आपल्यालाच विचारतो. आधी काय? आधी घर, आधी मोर्चा, की आधी तुझं ते लिहिणं-वाचणं?

या प्रश्नाला उत्तर म्हणून एक गुळगुळीत शब्द बाजारात आला आहे. समतोल. आयुष्यात समतोल साधा म्हणतात. त्याची व्याख्यानं होतात, पुस्तकं खपतात, मोबाईलवर इस्त्रीच्या शर्टातला माणूस सांगतो की पहाटे पाचला उठा, शांत बसा, दिवसाची तीन महत्त्वाची कामं वहीत लिहा. पहाटे पाचला मी गोदीत फाळक्याखाली, जहाजाच्या पोटात असतो. क्रेनचा हूक खाली येतो, आम्ही लोखंडी कॉइलीला पट्टा अडकवतो, हात वर करतो आणि बाजूला पळतो. त्या वेळी माझ्या आयुष्यात महत्त्वाचं काम एकच असतं. वेळेत बाजूला होणं.

समतोल तराजूचा असतो. ज्याच्या दोन्ही पारड्यांत काहीतरी आहे त्याने तो साधावा. ज्याच्या एका पारड्यात घरभाडं, हप्ता आणि आईची गोळी आहे, आणि दुसऱ्या पारड्यात दिवसाचे उरलेले दीड तास, त्याला समतोल शिकवणारा माणूस एक तर भाबडा आहे नाहीतर लबाड. मला समतोल नको. मला निवाडा पाहिजे. माझ्या डोक्यावर जे ओझं आहे त्यातलं माझं किती आणि दुसऱ्याने गुपचूप टाकलेलं किती, याचा निवाडा.

मी दहावी पास. पुस्तकी व्याख्या मला येत नाहीत. पण गोदीत माल उतरवताना आम्ही मार्क बघून थप्प्या वेगळ्या लावतो. एकाचा माल दुसऱ्याच्या थप्पीत गेला की बोंब होते. तसं हे ओझं तीन थप्प्यांत लावून बघा.

पहिली थप्पी देण्याची. ज्यांच्या घामावर आपण उभे आहोत त्यांचं परत करायचं ते देणं. त्याची खूण सोपी आहे. मी हे केलं नाही तर कुणाची चूल थंड होईल, कुणाची शाळा तुटेल, कुणाचं औषध थांबेल? माणसाचं नाव सांगता आलं तर ते देणं. दुसरी थप्पी धाकाची. मी हे केलं नाही तर कुणी उपाशी राहणार नाही, फक्त कुणाचं तरी नाक कापलं जाईल. लोक काय म्हणतील, हे त्याचं खरं नाव. तिसरी थप्पी ओढीची. कुणी सांगितलेलं नाही, कुणी पैसे देत नाही, तरी जे केल्याशिवाय माणूस म्हणून जगल्यासारखं वाटत नाही ती ओढ.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्या पोरांची आयुष्यं देण्याने खाल्ली नाहीत. ती धाकाने खाल्ली. धाक देण्याचा सदरा घालून घरात येतो आणि आपण त्याला पंगतीत पहिल्या पाटावर बसवतो. त्याचं पोट भरेपर्यंत ओढीच्या ताटात काही उरत नाही.

लग्नाचंच घ्या. मामाचा फोन येतो. "भाच्या, पोरीचं लग्न काढलंय. हॉल घेतलाय. डीजेचं तू बघ." मी म्हणालो, "मामा, पन्नास माणसांत वंदना घेऊ, जेवण मी घालतो." मामा म्हणाले, "आपण काय आता गावकुसाबाहेर राहतो का? जमान्याला दाखवायला नको?" या एका वाक्यात सगळा रोग आहे. गावकुसाबाहेर ठेवलं त्या अपमानाचं उट्टं आपण डीजेच्या भोंग्यातून काढतो आणि त्याचा हप्ता आईच्या बचत गटातून फेडतो. ज्याला दाखवायचं तो जमाना लग्नाला येतसुद्धा नाही.

हे मी नवीन सांगत नाही. जोतिबांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला आणि भटाविना, थोड्या खर्चात लग्नं लावायला सुरुवात केली. लग्नाच्या कर्जात बुडालेला बाप पोराला शाळेत कुठून घालणार? २० जुलै १९४२ ला नागपुरात दलित महिलांच्या परिषदेत बाबासाहेब आयाबायांशी बोलले. लग्नाची घाई करू नका, लग्न ही जबाबदारी आहे, पैशाने ती पेलता येईपर्यंत मुलांवर लादू नका, असं त्यांनी सांगितलं. त्याला ऐंशीच्या वर वर्षं झाली. आपण त्यांचा फोटो मांडवात लावतो आणि त्याच फोटोखाली कर्जाच्या कागदावर सही करतो.

पण धाक फक्त नातेवाईकच घालतात असं नाही. चळवळही घालते. हे लिहिताना काही साथी भडकतील. भडकू द्या. मोर्चाला न आलेल्या पोराला आपण पोटभरू म्हणतो. त्याची रात्रपाळी होती की आई दवाखान्यात होती हे विचारत नाही. "घरदार सोड, पूर्णवेळ ये" म्हणणाऱ्या पुढाऱ्याला मी एकच विचारतो: साहेब, माझ्या घरातली चूल कोण पेटवणार? तुमची मुलं कुठल्या शाळेत आहेत? ज्याने घर सोडायचं त्याच्या घरात मागे कोण राहतं ते बघा. तिथे कुणीतरी बाई असते. चळवळीला आपला तिच्यासकट उपयोग होतो, पण व्यासपीठावर खुर्ची एकट्यालाच मिळते.

आणि कवीवर तर वेगळाच धाक. दलित पोराने मशालीवरच लिहायचं. पोरीवर लिहिलं, समुद्रावर लिहिलं, भरतीला गोदीच्या दारातून आत येणाऱ्या जहाजाच्या दिव्यावर लिहिलं की विचारतात, याचं टोक मोडलं काय? अरे, प्रेम करायला आम्हाला अजून कुणाची परवानगी काढायची आहे? हजारो वर्षं आमच्या ओढीवर गावाने पहारा ठेवला. आता तो पहारा आम्हीच ठेवायचा असेल तर गाव सोडून मुंबईत आलो कशाला?

आता उलटी बाजूही सांगतो, नाहीतर हा लेख म्हणजे नुसती वकिली होईल. ओढीच्या नावाखाली देणं बुडवणारे पुष्कळ आहेत. एक कवी मला माहीत आहे. त्याच्या कवितेत आई पानापानावर आहे. आईचा डबा मात्र शेजारीण भरते. दुसरा सांगतो, अण्णाभाऊंनी झोपडीत बसून लिहिलं, मी पण उपाशी राहून लिहिणार. तू रहा रे बाबा. तुझ्याबरोबर घरातली चार माणसं उपाशी ठेवतोस त्यांना विचारलंस का? ज्यांनी हाल सोसून लिहिलं त्यांची नावं आपण घेतो. ज्यांचं लिहिणं त्याच हालात मेलं त्यांची नावं कुणालाच माहीत नाहीत. म्हणून हालअपेष्टा म्हणजे कवीचं प्रमाणपत्र, ही बडबड बंद करा.

देणं आणि ओढ एकाच माणसात कशी भांडतात हे बघायचं असेल तर बाबासाहेबांकडेच बघा. पण फोटोतल्या नाही, चाळीतल्या. १९१३ साली वडील गेले, त्याच वर्षी बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला गेले. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं. त्या बदल्यात परत येऊन दहा वर्षं संस्थानची नोकरी करायचा करार. म्हणजे शिकण्याची ओढसुद्धा देण्याच्या कागदावर सही करूनच मिळाली. १९१७ ला ते करार पाळायला बडोद्याला गेले, आणि तिथे राहायला जागा मिळेना. जात कळली तेव्हा उतरलेल्या ठिकाणाहून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. देणं फेडायला गेलेल्या माणसाला देणं फेडूसुद्धा दिलं नाही. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, पगारातून शिल्लक, शाहू महाराजांची मदत, मित्राकडून उसने, आणि १९२० ला पुन्हा लंडन. अर्धवट राहिलेला अभ्यास त्यांनी सोडला नाही.

आणि या सगळ्या काळात घर कुणी ओढलं? रमाईने. बाबासाहेब परदेशात असताना तिने शेण वाहिलं, उपास काढले. पुढेमागे पोटची चार लेकरं गेली. २७ मे १९३५ ला तीही गेली. तिला पंढरपूरला जायची ओढ होती. देवळाबाहेर उभं राहून परत फिरावं लागेल, म्हणून बाबासाहेबांनी तिला जाऊ दिलं नाही. अपमानाच्या दारात बायकोला उभं करायचं नाही हे बरोबरच. पण तिची ती ओढ आपण कधी कुठल्या थप्पीत लावली का? आपण तिला माउली म्हणतो, त्यागमूर्ती म्हणतो. त्यागमूर्ती म्हटलं की एक सोय होते. हिशोब द्यावा लागत नाही.

बाबासाहेबांनी मात्र हिशोब दिला होता. १९२८ साली 'बहिष्कृत भारता'त त्यांनी स्वतःच्या प्रपंचाबद्दल उघड लिहिलं. आपण परदेशात असताना बायकोने डोक्यावर शेण वाहून घर चालवलं आणि आपल्याला तिच्यासाठी दिवसातला अर्धा तासही काढता येत नाही, हे त्यांनी छापून सांगितलं. मला त्यांच्या चरित्रातली ही गोष्ट फार मोठी वाटते. आपल्या कामाची किंमत दुसरं कुणी मोजतंय, हे चारचौघांत बोलायला छाती लागते. आपण जयंतीला रमाईच्या फोटोला हार घालतो आणि घरी येऊन बहिणीला म्हणतो, "ताट उचल." तिचा पेपर उद्या असतो.

म्हणून निवाड्याचा पहिला नियम हा. माझ्या यादीत जे वर आलं त्याचं वजन कुणाच्या पाठीवर पडलं, ते त्या माणसाला विचारल्याशिवाय यादी पक्की करायची नाही.

आता दुसरी गोष्ट. तीन थप्प्या लावा म्हणालो खरा, पण थप्पी लावायला जागा लागते. ती जागा म्हणजे वेळ. आणि वेळ आपल्या हातात कधी होता?

नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक. १८८४ पासून त्यांनी गिरणी कामगारांसाठी आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली आणि १० जून १८९० ला मुंबईत रविवारची सुट्टी मिळाली. त्याआधी कामगाराला 'आधी काय' हा प्रश्नच नव्हता. आधी गिरणी, मग गिरणी. १९४६ साली कारखान्यांचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. ते विधेयक मांडणारे मजूरमंत्री बाबासाहेबच होते. १९४८ साली गोदी कामगारांचा कायदा झाला. त्याआधी गोदीत टोळीवाल्याची मर्जी चाले. कायद्याने पुढे मुंबईत डॉक लेबर बोर्ड आलं. नोंदलेल्या कामगाराला पाळीपाळीने काम, आणि जहाज नसलं तरी ठराविक हजेरीची हमी. हे कुणी दान दिलं नव्हतं. ज्याच्या नावाचा रस्ता आज गोदीच्या कडेने जातो त्या पी. डिमेलोसारख्यांच्या युनियनने ते झगडून टिकवलं.

माझा आजा बोर्डाचा कामगार होता. चौथी शिकलेला. पण त्याला माहीत असायचं की या महिन्यात घरात किमान एवढे पैसे येणार. त्यामुळे संध्याकाळी तो वस्तीतल्या वाचनालयात जाऊन पेपर वाचायचा, जयंतीच्या कमिटीत असायचा, भीमगीतांच्या पार्टीत कोरस धरायचा. त्याने समतोल हा शब्द ऐकलासुद्धा नव्हता. हजेरीची हमी हाच त्याचा समतोल.

मग १९८९ ला पलीकडे न्हावा-शेवा सुरू झालं, कंटेनर तिकडे गेले. १९९४ ला डॉक लेबर बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं. २०२१ च्या कायद्याने ट्रस्टचंही प्राधिकरण झालं. आजा नोंदलेला होता, त्याच्याकडे बिल्ला होता. मी ठेकेदाराच्या वहीत आहे. मुकादमाचा मेसेज आला तर पाळी, नाही आला तर खाडा. दुपारी तीनला कळतं की रात्री दहाला गेटवर उभं राहायचंय. ज्याला आजची रात्र कुठे जाणार हे माहीत नाही त्याने वर्षाचा बेत कसा करावा? आजा चौथी, नातू दहावी. शिक्षण सहा यत्ता पुढे गेलं आणि हमी सत्तर वर्षं मागे.

आणि हे फक्त गोदीत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने खासगी कारखान्यांत दिवसाच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तास आणि दुकानांत ९ वरून १० तास करायला मंजुरी दिली. जादा तासांना जादा पैसे, कामगाराची संमती घेऊ, असं सांगितलं. संमती! घरभाडं थकलेल्या माणसाची संमती किती स्वस्त असते हे आमच्या मुकादमाला विचारा. बारा तास काम, तीन तास लोकलची ये-जा, सात तास झोप. उरले दोन. त्या दोन तासांत आई, बायको, पोर, मोर्चा, कविता यांनी एकमेकांच्या झिंज्या उपटायच्या. आणि आपण समजायचं की भांडण आपल्या घरातलं आहे. भांडण घरातलं नाही. बाकीचे बावीस तास कुणी नेले ते बघा.

म्हणून मी म्हणतो, तुमच्या यादीत घर वर असो, चळवळ असो की कविता असो, तिघांच्याही वर एक ओळ लिहा. माझा वेळ. हजेरीची हमी मागणं, आठ तासांवर अडून बसणं, ठेकेदाराच्या वहीतून नाव कायद्याच्या रजिस्टरात नेणं, हे काम घराचं आहे, चळवळीचं आहे आणि कवितेचंही आहे. इथे तिघांचं भांडण मिटतं.

पण तोवर काय करायचं? क्रांती होईपर्यंत भाडं थांबत नाही. तोवर एक करता येतं. हिशोब एकट्याने वाहायचा नाही.

१७ जानेवारी २०१६ ला हैदराबादच्या विद्यापीठात रोहित वेमुला गेला. त्याला विज्ञानावर लिहिणारा लेखक व्हायचं होतं. शेवटच्या पत्रात त्याने आपल्या तुंबलेल्या सात महिन्यांच्या फेलोशिपचा, १ लाख ७५ हजारांचा, आकडा लिहिला. ते पैसे घरच्यांना मिळावेत असं लिहिलं. मित्राचे ४० हजार द्यायचे राहिलेत हेही लिहिलं. ताऱ्यांवर लिहू पाहणाऱ्या पोराची फेलोशिप आणि उधारी शेवटच्या पानावर आली. मला ते पत्र वाचून रडू कमी आलं, राग जास्त आला. आपल्या पोरांचे हिशोब जिवंतपणी, मोठ्या आवाजात, आपल्या माणसांत मांडले गेले पाहिजेत. ज्याच्या छातीवर असं ओझं आहे त्याने आजच कुणाला तरी हाक मारावी. आणि हाक ऐकणाऱ्याने आधी त्याच्या शेजारी बसावं, उपदेश नंतर.

आमच्या शिवडीच्या खोलीत आम्ही महिन्यातून एकदा बसतो. आई, बहीण आणि मी. कागदावर तीन रकाने. आईने सुरुवातीला डोक्याला हात लावला. "बाबा, असलं काय कागदावर लिहायचं असतंय व्हय? चार लोकांत तोंड दाखवायचंय आपल्याला." मग हळूहळू तीच बोलायला लागली. तिला तिसऱ्या रकान्यात काय लिहू विचारलं तर बराच वेळ गप्प बसली. म्हणाली, "मला एकदा सही सोडून बाकीचं पण वाचता आलं पाहिजे." पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या घरची भांडी घासणाऱ्या बाईची ओढ आम्हाला तेव्हा कळली. आता बहीण तिला रोज पेपरातली एक बातमी वाचायला लावते. बहिणीचं नर्सिंग हे देणं, त्यासाठी माझ्या लग्नाचा विषय तीन वर्षं बंद. मामाचा डीजे धाक, तो काटला. मामा अजून बोलत नाहीत. दहा बाय दहाच्या खोलीत दिवासुद्धा वाटणीला येतो. आठवड्यातल्या तीन रात्री अकरापर्यंत दिवा बहिणीचा. मी जिन्याखालच्या बल्बाजवळ बसून लिहितो. पाळी नसेल त्या दोन रात्री दिवा माझा, तेव्हा त्या दोघी तोंडावर पदर-ओढणी घेऊन झोपतात. हे आदर्श नाही. पण यात कुणी गुपचूप मरत नाही.

तुमच्या घरात रकाने वेगळे भरतील. भरू द्या. कुणाच्या घरी चळवळ वर येईल, कुणाच्या घरी बापाचं डायलिसिस. कुणी कुणाला पोटभरू म्हणू नये, कुणी कुणाला वेडा कवी म्हणू नये. फक्त एवढं बघा की यादी तुम्ही लिहिली की धाकाने लिहिली. यादीखाली घरातल्या बाईची सही आहे की नाही. आणि यादीच्या डोक्यावर वेळेची मागणी आहे की नाही.

देणं फेडू. एकेक पैसा फेडू. ज्यांनी अर्धी भाकरी खाऊन आपल्याला दहावीपर्यंत पोचवलं त्यांचं बुडवणारी आपली जात नाही. पण धाकाचं एक दमडीचंही देणं आपण लागत नाही, हे आता वस्तीवस्तीत सांगायला लागा. मामांनाही सांगा. पुढाऱ्यांनाही सांगा. मुकादमालाही सांगा, तो सगळ्यात शेवटी ऐकेल, म्हणून त्याला चौघं मिळून सांगा.

जयभीम.